रोज वाढणारी पेन्शन

मापारींनी आयुष्यात कुठलीही गोष्ट एकदाच मोजून खरी मानली नाही. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर माणसाचा जगावरचा विश्वास जो उडतो, तो काही केल्या परत बसत नाही. दुकानातून साखर आणली की ती आधी घरच्या काट्यावर चढायची, मग डब्यात जायची. त्यांच्या दारात माप टेकवताना दूधवाल्याचा हात थरथरला नाही असं कधी झालं नाही. ‘मापारी’ हे त्यांचं आडनावही नव्हे. ते इमारतीने दिलेलं नाव. खरं आडनाव आता विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं.

तर हे मापारी निवृत्त झाले आणि खात्याने त्यांच्या हातावर एक रक्कम ठेवली. एकदाच काय ती. सेवापुस्तकातल्या कुठल्याशा घोळामुळे दरमहा पेन्शन वगैरे त्यांच्या नशिबात नव्हती. इतक्या पैशांचं पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, अशा अर्थाचं एक छापील पत्र सोबत जोडून खातं मोकळं झालं. लेक लग्न होऊन दूर गेलेली. तिने फोनवर सांगितलं, बाबा, अ‍ॅन्युइटी घ्या. म्हणजे काय, तर सगळी रक्कम एका कंपनीला देऊन टाकायची आणि कंपनीने तुम्ही जिवंत असाल तोवर दर महिन्याला ठरलेला आकडा पाठवत राहायचं. लवकर गेलात तर कंपनी जिंकली, चिवटपणे जगलात तर तुम्ही जिंकलात. मापारींना यातला ‘चिवटपणे’ हा शब्द फार आवडला. समोरच्या घरात राहणारे निवृत्त हेडमास्तर म्हणाले की याला आपल्यात वर्षासन असा चांगला शब्द आहे, आणि तो शब्द वापरला तरच आपण सल्ला देऊ. तो त्यांनी एकूण पाच वेळा दिला. दर वेळी वेगळा होता.

खोटं कशाला सांगा, मापारींना स्वतःच्या पोटाची काळजी नव्हती. त्यांना काळजी होती बायकोची. सगळी इमारत तिला काकू म्हणायची. ती त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, आणि तिच्या नावावर एक शिवणयंत्र सोडलं तर काही नव्हतं. आपण गेल्यावर हिने कोणाच्या तोंडाकडे बघायचं, हा एकच प्रश्न गेली दोन वर्षं त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. तो त्यांनी तिला कधी बोलून दाखवला नाही. असल्या गोष्टी बायकोशी बोलायच्या नसतात, त्यांची तजवीज करायची असते, अशी त्यांची समजूत होती.

लेकीने पाठवलेल्या जुन्या लॅपटॉपवर मापारींनी एक साइट उघडली. तिच्यावर सतरा कंपन्यांचे दर एका रांगेत दिसत. जन्मतारीख घाला, रक्कम घाला, जोडीदार असेल तर त्याची जन्मतारीख आणि फोन नंबर घाला, की खाली दोन आकडे येत. वरचा एकट्याचा: तुम्ही असेपर्यंत पैसे, पुढे बंद. खालचा दोघांचा: तुमच्यामागे जोडीदारालाही तेवढेच, तोही असेपर्यंत. मापारींनी सगळं घातलं. एकट्याचे आले महिन्याला बावीस हजार चारशे. दोघांचे आले एकोणीस हजार तीनशे. हा भाव एकवीस दिवस राखून ठेवण्यात येत आहे, असं खाली लिहिलं होतं, आणि दिवस, तास, मिनिटं उलटी मोजणारं घड्याळ चालू झालं होतं.

दुसरा कोणी असता तर त्याने खालच्या पर्यायावर बोट ठेवून विषय संपवला असता. मापारी पेन्सिल घेऊन बसले. दोन्हींत एकतीसशेचा फरक का? कंपनी काही खुळी नाही. आपल्यामागे ही बाई अजून बरीच वर्षं जगणार आणि तेवढी वर्षं तिला पोसायचं, त्याची ही किंमत. म्हणजे एकतीसशे हे काकूचं आपल्यामागचं आयुष्य झालं. त्यांनी ते वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि कित्येक दिवसांनी त्यांना दुपारी झोप लागली.

इथे थांबले असते तर बरं होतं. पण निरीक्षकाची खोड. काटा खरा की खोटा हे ठरवायचं तर त्यावर आधीच माहीत असलेलं वजन ठेवून बघावं लागतं. खात्यात त्यासाठी पितळी वजनांची पेटी असायची. इथे पेटी कुठली? मापारींनी शेजारी वापरले.

हेडमास्तर आणि तळमजल्यावरचा शिंपी, दोघंही त्यांच्याच वयाचे. हेडमास्तर रोज पहाटे दोन तास चालत आणि आल्यावर दोन तास त्याबद्दल बोलत. शिंप्याचा देह प्रशस्त होता आणि दुकानाच्या उंबऱ्यापलीकडे तो सहसा कुठे जात नसे. मापारींनी दोघांनाही विचारून माहिती भरली, ऐच्छिक रकान्यांत वजन आणि सवयीही भरल्या, रक्कम सारखीच धरली. हेडमास्तरांचे आले एकवीस हजार सहाशे. शिंप्याचे आले चोवीस हजार दोनशे.

शिंप्याला आभाळ ठेंगणं झालं. मास्तरांपेक्षा आपली किंमत जास्त, हे तो गिऱ्हाइकांना मापं घेता घेता सांगू लागला. हेडमास्तरांनी दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्याला फळा नसताना समजावून दिलं की बाबा रे, कंपनी जास्त पैसे कोणाला देते? ज्याला थोडेच दिवस द्यावे लागणार आहेत त्याला. शिंप्याच्या हातातली टेप खाली पडली. त्या दिवसापासून त्याने जेवण निम्म्यावर आणलं आणि तो हेडमास्तरांच्या मागून पहाटे पळायला लागला. जगात माणसं पगार वाढावा म्हणून धडपडतात. हा गडी आपली पेन्शन कमी व्हावी म्हणून घाम गाळत होता. चौथ्या दिवशी तो रस्त्यात चक्कर येऊन पडला आणि त्याला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं.

झालं. इमारतीत बातमी फिरली की मापारींच्या यंत्राने शिंप्याचं आधीच सांगितलं होतं. ज्या जिन्यात लोक थांबून गप्पा मारायचे, तिथे मापारी दिसले की दारं हळूच लागू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या सहा घरांनी सह्या करून एक कागद दिला: आमच्या जन्मतारखा आपल्या यंत्रात घालू नयेत, घातल्यास आकडा आम्हांस कळवू नये. एक मात्र गुपचूप येऊन म्हणाला, माझा कळवू नका, पण सासऱ्यांचा तेवढा बघाल का? मापारींना अपमान जास्त झाला की भीती जास्त वाटली, हे त्यांचं त्यांना सांगता आलं नसतं. आयुष्यभर ते दुकानात शिरले की दुकानदार घाबरत. आता नुसतं माणसांकडे बघितलं तरी माणसं दचकत होती.

आणि याच गडबडीत त्यांच्या लक्षात आलं की आपला स्वतःचा आकडा हलला आहे.

आधी बावीस हजार पाचशे पन्नास. त्यांना वाटलं बाजार वर गेला असेल. दोन दिवसांनी तेवीस हजार शंभर. काकूने मागून डोकावून बघितलं आणि म्हणाली, अरे वा, वाढले की. ती खूश होती. मापारींनाही क्षणभर बरं वाटलं, आणि मग शिंप्याच्या हातून पडलेली टेप डोळ्यांपुढे आली. त्यांनी इतर कंपन्यांचे भाव पाहिले. ते जागच्या जागी होते. हेडमास्तरांचा आकडा पुन्हा काढून पाहिला, तो तसाच होता. सगळे काटे स्थिर आणि एकाच पारड्यात कोणीतरी रोज चिमूटभर टाकतंय, असं ते होतं.

आकड्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ आली होती. ‘आपल्या नोंदी अद्ययावत झाल्या आहेत.’ मापारींनी त्या ओळीवर बोट टेकवलं तसा खाली एक पडदा उलगडला.

‘जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं: नोंद घेतली.’

आता हे बघा, मापारी तिसऱ्या मजल्यावर राहत आणि दुसऱ्या मजल्यावर थांबत, हे खरंच होतं. पण ते विजेचे मीटर तपासायला थांबत. निदान बघणाऱ्याला तसं वाटावं, अशा बेताने थांबत. मीटरला कान लावून, भुवया चढवून, मान डोलावून, श्वास जागेवर आला की पुढे. हा प्रकार ते दीड वर्ष करत होते आणि इमारतीत एकालाही संशय आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आणखी एक ओळ. ‘आठवड्यातून दोन सिगारेटी, गच्चीवर: नोंद घेतली.’ आकडा तेवीस हजार सातशे. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या मागे, जिथे कबुतरंसुद्धा येत नाहीत. त्यांनी लॅपटॉपच्या वरच्या बाजूला असलेल्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावली. मग सगळ्या लॅपटॉपवर टॉवेल टाकला. तरी समाधान होईना म्हणून तो उचलून अडगळीच्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. काकूने विचारलं, काय झालं? ते म्हणाले, तापतो जरा.

तिसऱ्या दिवशी धीर करून उघडला. ‘झोपेत श्वास अडखळतो, मध्येच थांबतो: नोंद घेतली.’

हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

मापारी त्या अडगळीत, जुन्या पंख्याच्या आणि गुंडाळलेल्या गादीच्या मधल्या जागेत, बराच वेळ बसून राहिले. स्वतःचा श्वास त्यांनी ऐकून पाहिला. तो नीट चालला होता, पण ऐकायला लागल्यावर तो आपोआप चालतोय यावरचा त्यांचा भरवसा गेला, आणि त्यांना तो मुद्दाम घ्यावा लागू लागला. माणसाने हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नये म्हणतात. यांनी तर हात, पाय, छाती, सगळंच दाखवलं होतं.

त्यांनी ठरवलं की यंत्राला खोटं पाडायचं. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना ते दुसऱ्या मजल्यावर न थांबता तडक वर आले. मीटरांकडे ढुंकून पाहिलं नाही. दार उघडून आत आले आणि चपला काढायच्या जागेवर पंधरा मिनिटं बसून राहिले, कारण उठता येईना. काकूने पाणी आणून दिलं. संध्याकाळी आकडा दोनशेने वर. ‘जिना चढल्यावर दाराशी बसावं लागतं: नोंद घेतली.’

शेवटी त्यांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला. अर्धा तास सतार वाजली. मग एका मुलीचा अतिशय गोड आवाज आला. मापारींनी आपल्या ठेवणीतल्या सरकारी आवाजात विचारलं की ही माहिती आपल्याला कोण पुरवतं. ती म्हणाली, आपल्याच अर्जातून येते सर. ते म्हणाले, मी दिलेली नाही. ती म्हणाली, पण आपल्याच अर्जात आहे सर. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा तिने सुचवलं की नोंदींचा उगम बघायचा तर आधी हयात सिद्ध करावी लागेल. कॅमेऱ्यासमोर बसा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, दोनदा पापण्या मिटा. आणि फोन ठेवताना म्हणाली, काळजी करू नका सर, आम्ही शेवटपर्यंत आपल्यासोबत आहोत.

मापारी कॅमेऱ्यासमोर बसले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पापण्या मिटल्या. ‘सजीव हालचाल आढळली नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ पुन्हा केला. तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मान जोरात हलवली, भुवया उडवल्या, दोन्ही हात वर केले. ‘सजीव हालचाल आढळली नाही.’

तीन वेळा मोजून एकच माप आलं की ते खरं धरायचं, हा चौतीस वर्षं त्यांचा स्वतःचा नियम होता. त्यावर त्यांनी दुकानं सील केली होती. मापारींनी सावकाश आपल्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी कुठे असते ते त्यांना आठवेना. बाहेर कोणाचीतरी भांडी वाजत होती, ती फार लांबून आल्यासारखी वाटली. तेवढ्यात काकू चहा घेऊन आली, तिने पडद्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं, कप ठेवला आणि कॅमेऱ्यावरची काळी चिकटपट्टी नखाने सोलून काढली. जाताना एवढंच म्हणाली की आधी चहा घ्या, मग काय ते जिवंत व्हा.

पडद्यावर उमटलं, ‘हयात: तात्पुरती मान्य.’ नोंदींचा उगम मात्र ‘प्रक्रियेत आहे’ असंच शेवटपर्यंत दिसत राहिलं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. काकूची त्यांच्याशी दाट मैत्री. दोघी दर पंधरा दिवसांनी कापड बघायला म्हणून बाहेर जायच्या. मापारींनी त्यांना जिन्यात गाठून, दुसऱ्याच कोणाबद्दल विचारतोय असं दाखवत, झोपेत श्वास थांबण्याबद्दल विचारलं. त्यांनी मापारींना नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही स्वतःकडे फार बघताय. घरात जरा दुसरीकडे पण बघा.” मापारींना हे आगाऊपणाचं वाटलं. ते मनातल्या मनात फणफणत खाली आले.

आकडा चढतच राहिला. पंचवीस हजार. पंचवीस हजार चारशे. ‘सकाळी डाव्या हाताला मुंग्या येतात: नोंद घेतली.’ ही गोष्ट तर त्यांनी एकाही जिवंत माणसाला सांगितली नव्हती. आता ते घरात हळू चालत, हळू बोलत, आणि कपाटाच्या आरशासमोरून जाताना दुसरीकडे बघत. रोज उठल्या उठल्या वरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि मग दात घासायचे, हा क्रम होऊन बसला होता.

एकविसाव्या दिवशी सकाळी घड्याळात एकोणीस तास उरले होते. वरचा आकडा पंचवीस हजार नऊशे. मापारींनी तो वहीत लिहिला. आता आपला कारभार आटोपलाच आहे तर दोघांचं घेऊन टाकावं, निदान हिची सोय होईल, म्हणून त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खालच्या आकड्याकडे नीट पाहिलं.

पंचवीस हजार आठशे साठ.

त्यांना वाटलं चष्मा चढवताना चूक झाली. त्यांनी चष्मा पुसला. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. पंचवीस हजार आठशे साठ. काकूच्या नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, सगळं तपासलं आणि तिसऱ्यांदा पाहिलं. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि वजाबाकी केली. पहिलीतलं पोर करील अशी वजाबाकी, पण त्यांनी ती हातचे घेऊन केली. एकतीसशेचा फरक आता चाळीसवर आला होता.

आपण गेल्यावर हिला पोसायची किंमत, महिन्याला चाळीस. म्हणजे कंपनीला हिला पोसावंच लागणार नाही, याची जवळजवळ खात्री होती.

मापारी उठले. गुडघा पंख्याला लागून खरचटला ते त्यांना कळलं नाही. काकू बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ बसून उशीच्या अभ्र्याची उसवलेली कड शिवत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ निळसर होते. घोटे सुजून घरातल्या चपलेच्या पट्ट्यावर आले होते. चार टाके घालून ती थांबत होती, आणि थांबली की सुईकडे बघत होती, जसं काही सुईतच काही बिघडलंय.

ते समोरच्या खुर्चीवर बसले. “त्या साइटवाल्यांनी तुला काही विचारलं का गं?”

“रोज विचारतात,” काकू म्हणाली. “तुम्ही माझा नंबर दिला होतात ना. दुपारी मेसेज येतो. तुमचं एक विचारतात, माझं एक विचारतात. मी सांगते.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जिना तिने सांगितला होता. मीटरांचं सोंग तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सिगारेटींचा वास शर्ट धुणाऱ्या बाईला येणार नाही तर कोणाला? झोपेतला श्वास ती रोज ऐकत होती. तो थांबला की हाताने त्यांना कुशीवर वळवत होती, आणि पुन्हा चालू झाला की मग स्वतः झोपत होती. मापारींचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो पडला नाही.

“पण हे असं सगळं त्यांना कशाला सांगायचं?”

“पहिल्यांदा जिना सांगितला तेव्हा दीडशे वाढले,” ती म्हणाली. “मग माझ्या लक्षात आलं, वाईट सांगितलं की पैसे वाढतात. म्हटलं, आठवून आठवून सगळं सांगावं. माझ्यामागे तुम्हाला कमी पडायला नको. तुम्हाला साधा भात लावता येत नाही, सगळं विकतच आणावं लागणार.”

दोन वर्षं ते तिच्या त्यांच्यामागच्या दिवसांची तजवीज करत होते. आणि ही त्यांच्या तिच्यामागच्या दिवसांची करत होती. एकाच खोलीत बसून, एकाच साइटवर, दोघंही चोरून.

“आणि तुझं काय सांगितलंस?”

तिने सुई अभ्र्यात टोचून ठेवली. हृदयाची झडप, ती म्हणाली. दोन वर्षं झाली. नर्सबाई घेऊन जातात दवाखान्यात, कापड बघायला म्हणून. ऑपरेशन करा म्हणतात, केलं तर चांगलं होतं म्हणतात, पण त्याला तुमच्या रकमेतली निम्मी जाते. उरलेल्या निम्म्यावर महिन्याला काय येतं ते मी त्या साइटवरच बघितलं. अकरा हजार. म्हणून मग राहू दिलं.

“मला का नाही बोललीस?” मापारींचा आवाज फुटला. त्यांना राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

काकूने थोडा विचार केला. ती रुसून बोलत नव्हती. खरंच आठवून सांगत होती. “त्या मेसेजवाल्याने विचारलं हो. पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्ही कशा आहात? मी लिहिलं, बरी आहे. तर म्हणाला, आणखी काही? मला इतकं नवल वाटलं. बरी आहे म्हटल्यावर पुढे कोणी विचारतं का कधी?”

काहीतरी बोलायला हवं म्हणून मापारी म्हणाले की तुझीही कमाल आहे, हाताच्या मुंग्यासुद्धा सोडल्या नाहीस.

“कसल्या मुंग्या?”

“डाव्या हाताच्या. सकाळच्या.”

काकूने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. “तुमच्या डाव्या हाताला मुंग्या येतात? कधीपासून? मला कुठे बोललात?”

“म्हणजे तू नाही सांगितलंस?”

“मला माहीत असतं तर तुम्हाला असं बसू दिलं असतं का?”

अडगळीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतला निळा उजेड फरशीवर पडला होता. तो तिथे रोजच पडत असणार, पण आज दोघांनीही पाय वर घेतले. मापारी उठले, आत गेले. घड्याळात अठरा तास बारा मिनिटं उरली होती. खाली दोन बटणं होती, एकट्याचं आणि दोघांचं, आणि त्यांच्या मध्ये नवी ओळ आली होती: ‘आपण आता निर्णय घेण्याच्या स्थितीत आहात.’ त्यांनी दोन्ही बटणांना हात लावला नाही. लॅपटॉप मिटला, भिंतीतून वायर काढली आणि बाहेर येऊन म्हणाले, “नर्सबाईंना बोलावतो. कुठल्या दवाखान्यात जाता ते विचारतो. आजच जायचं. आपण दोघंही.”

“आणि पैसे?”

“अकरा हजार येतात ना. खाऊ अकरा हजार.”

“तुमच्यानं नाही व्हायचं,” काकू म्हणाली, पण अभ्रा तिने बाजूला ठेवला होता.

तेवढ्यात खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला तिचा फोन वाजला. रोजच्यापेक्षा लवकर. पडद्यावर अक्षरं उमटलेली दोघांनाही दिसली. ‘नमस्कार. आज आणखी काही सांगायचं आहे का?’

सवयीने काकूचा हात पुढे गेला. मापारींनी तिच्याआधी फोन उचलला, पालथा ठेवला, त्यावर अभ्रा टाकला आणि खुर्ची ओढून अगदी तिच्याजवळ बसले.

“मला सांग,” ते म्हणाले.

अभ्र्याखाली फोन दोनदा थरथरला आणि थांबला.

“नीट बसा मग,” ती म्हणाली. “बरंच आहे.”